एकाच पावलाची वस्ती

एका जंगलात, करवंदीच्या दाट जाळीखाली, सगळ्यांनी नाक मुरडावं अशी एक वस्ती होती. वस्ती चिचुंद्र्यांची. मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांनी चिचुंद्री पाहिली आहे त्यांनी आत्ताच नाक धरलं असेल. सोडा ते नाक, गोष्टीला वास येत नाही. जंगलात मात्र कुठे काही कुजलं की "चिचुंद्री येऊन गेली असेल" असं म्हणायचं, आणि कुणाचं काही हरवलं की "चिचुंद्रीनंच नेलं असेल" असं म्हणायचं, अशी सगळ्यांना सवय लागली होती. चिचुंद्र्यांना ते मुकाट्यानं ऐकायची सवय लागली होती. मला विचाराल तर ही दुसरी सवय पहिलीपेक्षा वाईट.

जाळीखालून एक झरा वाहत होता. झरा कसला, करंगळीएवढी धार. पण तिच्यामुळे आजूबाजूची माती बाराही महिने ओली आणि भुसभुशीत राही. तिच्यात किडे सापडत, अळ्या सापडत, आणि इवल्याशा पायांनीही बीळ खणता येई. बाकीचं रान सगळं कातळाचं. तिथे चिचुंद्रीच्या नखांचं काही चालत नसे. त्यामुळे त्यांचं सगळं घरदार झऱ्याकाठच्या त्या मातीतच होतं.

या चिचुंद्र्यांची चालण्याची एक रीत होती. दिवसाउजेडी त्यांना धड दिसत नसे, म्हणून बाहेर पडायचं तर एकीनं पुढचीचं शेपूट दातांत धरायचं, तिच्या मागचीनं तिचं, अशी लांबच लांब रांग करायची. शिवाय पुढचीचं पाऊल जिथे पडलं असेल नेमकं तिथेच आपलंही टाकायचं, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. लांबून पाहणाऱ्याला तर ती सगळी रांग एकच लांबट जनावर वाटे. मागाहून मुंगूस येवो की साप येवो, मातीत त्याला एकाच चिचुंद्रीची पावलं दिसत, आणि एवढ्याशा घासासाठी तो फार लांब यायचा नाही. या रीतीनं पुष्कळ जीव वाचले होते आणि चिचुंद्र्यांना तिचा अभिमान होता. गैरसोय एवढीच, की तोंडात शेपूट असलं की बोलता येत नाही. रांगेत बोलायची ती फक्त सगळ्यांत पुढची.

सगळ्यांत पुढे एक पोक्त चिचुंद्री चालत असे, आणि सगळ्यांत मागे तिची तरुण लेक. तिला मागे ठेवायचं कारण सरळ होतं. मधे ठेवली की ती मधेच थांबे, काहीतरी हुंगायला वळे, आणि अख्खी रांग एकमेकींवर आदळे. ती बिळात असली की तिला बाहेर जायचं असे, बाहेर असली की आणखी पुढे. जेवतानासुद्धा तिचे पाय चुळबुळत. आई म्हणे, "अगं, जरा बूड टेकव. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते."

एक दिवस सकाळी जाळीबाहेरून हाक आली, "चिचुंद्रीबाई, आहात का घरात?"

बाहेर तळ्यावरचं म्हातारं कासव उभं होतं. लेक धावत बाहेर गेली. "कोण पाहिजे, आजोबा?"

"इथली चिचुंद्री पाहिजे."

"कुठली? माझी आई, मावशी, लंगडी आत्या, की माझ्या बहिणींपैकी कुणी?"

कासवानं मान थोडी आत ओढली, पुन्हा बाहेर काढली. "म्हणजे? तुम्ही बऱ्याच जणी आहात की काय?"

"आजोबा, ही सगळी जाळी आमचीच आहे!"

"असं होय!" कासव म्हणालं. "अगं, सभेतली पावलं मीच तर मोजतो. इतकी वर्षं करवंदीकडून एकच पाऊल येतं. मी आपलं समजत होतो, एकटीच राहते बिचारी."

आता ही सभा काय, ते सांगितलं पाहिजे. हिवाळा सरताना तळ्याचं पाणी मागे हटे आणि काठाला मऊ, गुळगुळीत चिखलाचा पट्टा उघडा पडे. वर्षातून एकदा सगळं जंगल तिथे जमे. चिखलात मधोमध एक जुनं खोड आडवं पडलेलं होतं. एखादी गोष्ट व्हावी असं ज्याला वाटे त्यानं खोडाच्या अलीकडे पाऊल उमटवायचं, होऊ नये असं वाटे त्यानं पलीकडे. गव्याचं पाऊलही एक आणि बेडकाचं पाऊलही एक. चिखलावर उभं असेपर्यंत कुणी कुणाला खायचं नाही, ही अट तर वाघही पाळत असे. डोंगराआड सूर्य गेला की पाऊल टाकणं बंद, आणि ज्या बाजूला पावलं जास्त तसं जंगलात व्हायचं. मोठी सरळ पद्धत होती. फक्त जो येईल त्याचंच पाऊल उमटे, न येणाऱ्याचं कोण उमटवणार?

"मग यंदा कसली सभा आहे?" लेकीनं विचारलं.

कासव जरा घुटमळलं. "रानडुकरांची मागणी आहे. त्यांना लोळायला जागा पुरत नाही. करवंदीखालचा झरा आम्हाला द्या म्हणतात. उद्याच सभा आहे."

"आणि आम्ही कुठे जायचं?"

"ते म्हणतात, तिथे एक चिचुंद्री राहते, ती काय कुठेही बीळ काढेल. एका जिवासाठी एवढ्या मोठ्या कळपानं अडून राहायचं का, असं त्यांचं म्हणणं." कासवानं खाली पाहिलं. "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. पुष्कळांना ते पटलंय, मलाही पटलं होतं."

लेक तिथून जी सुटली ती थेट आईच्या बिळात. आईच्या कुशीत तिची नवी भावंडं होती. गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली. शेपूट धरायला त्यांच्या तोंडात अजून दातही नव्हते. डुकरांचा कळप वरच्या मातीत एकदा लोळला असता तर त्यांचं काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगत बसत नाही. लेकीला ते सांगावं लागलं नाही.

तिनं सगळं भडाभडा सांगितलं. आई ऐकत होती आणि पिल्लांना चाटत होती.

"सभेला आपण दरवर्षी जातो," आई म्हणाली. "सगळ्याजणी जातो, एकही मागे राहत नाही. पलीकडच्या बाजूला पाऊल टाकून येतो. काय बदललं आजवर? मोठ्यांचंच चालतं तिथे."

"आई, आपण सगळ्याजणी जातो आणि पोचते एकटीच! तू पाऊल टाकतेस, मावशी त्यातच टाकते, आत्या त्यातच टाकते, मी त्यातच टाकते. चिखलात एकच खळगा राहतो. कासवआजोबांना वाटतं इथे एकच जण राहते!"

"वाटू दे. तेच तर हवंय आपल्याला. दिसलो नाही म्हणून जगलो."

"उद्या न दिसल्यामुळेच मरू."

आईचं चाटणं थांबलं. "हे बघ," ती हळू म्हणाली, "माझी धाकटी बहीण होती. तुझ्यासारखीच, पायाला भिंगरी. एकदा उघड्यावर तिनं शेपूट सोडलं. वरून शिक्रा आला. मला पाठीमागे नुसतं हलकं हलकं वाटलं, बाकी काही कळलं नाही. तेव्हापासून माझ्या शेपटाला ओढ नसली की माझा जीव जागेवर राहत नाही. रांग सोडायची नाही. विषय संपला."

आईसाठी विषय संपला, पण लेकीला बसवेना. ती या बिळातून त्या बिळात फिरली. मावशी म्हणाली, "आपण कशाला मोठ्यांच्या मधे पडायचं?" आत्या म्हणाली, "माझा पाय अधू, मी त्या गर्दीत तुडवली जाईन." बहिणींचं दुखणं वेगळंच होतं. रांगेत तिच्या लगेच पुढे चालणारी बहीण म्हणाली, "तुला काय गं, तू निगरगट्ट आहेस. आपण गेलो की हरणं कशी नाकं फिरवतात, ठाऊक आहे ना? रांगेत असलं की निदान मान खाली घालून चालता येतं. एकटीनं उभं राहायचं, आणि सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं? मी तर लाजेनं मरेन." खरं तर लेकीलाही त्याचीच भीती वाटत होती.

संध्याकाळी जाळीत कोल्हा आला. तोंडात किडलेल्या उंबरांचा घोस. तो त्यानं अदबीनं खाली ठेवला. चिचुंद्र्यांना उंबरातले किडे म्हणजे मेजवानी. सगळ्या बिळांतून नाकं बाहेर आली.

"खा, खा, तुमच्यासाठीच आणलेत," कोल्हा म्हणाला. "रानडुकरांनी पाठवलेत, प्रेमानं. उद्या सभेला येताय ना, चिचुंद्रीबाई? या बरं का. तुमचा हक्कच आहे तो."

आई गोंधळली. "डुकरांना चालेल आम्ही आलेलं?"

"न चालायला काय झालं! फक्त नेहमीसारख्या या. रांगेत, शिस्तीत, एकीच्या पावलावर दुसरीचं पाऊल. तुमच्या त्या शिस्तीचं जंगलात केवढं कौतुक आहे! हल्लीच्या पोरांना रांग म्हणजे काय ते कळतच नाही. तेवढी रांग मोडू देऊ नका." एवढं बोलून, श्वास रोखून धरलेला तो कोल्हा घाईघाईनं निघून गेला.

लेकीच्याही तोंडात उंबर होतं. दिवसभर पळापळ करून तिला भूक लागली होती, आणि भूक लागली की माणूस काय आणि चिचुंद्री काय, आधी खाते आणि मग विचार करते. घास गिळल्यावर तिला विचार आला. आजवर ज्यानं आपल्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याला आपल्या रांगेची एवढी काळजी का? ती आईला म्हणाली, "आई, याला ठाऊक आहे गं आपण किती आहोत. त्याला एकच पाऊल हवंय." आईनं तोंडाशी आलेलं उंबर खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चिचुंद्र्या निघाल्या. रांगेतच. पिल्लं बिळात ठेवलेली. करवंदीपासून तळ्यापर्यंत उघडं माळरान होतं, वर ऊन, आणि मिटमिट्या डोळ्यांना नुसता पांढरा उजेड. लेकीच्या दातांत बहिणीचं शेपूट होतं. तिला शंभर गोष्टी बोलायच्या होत्या आणि एकही बोलता येत नव्हती. चालता चालता ती मनाशी म्हणत होती, आता सोडते, त्या दगडापाशी सोडते, त्या झुडपापाशी सोडते. दगड गेला, झुडूप गेलं, आणि शेपूट दातांतच राहिलं.

चिखलावर ही गर्दी. डुकरं सकाळपासूनच येऊन बसली होती. मान्य करायला हवं, डुकरं कधीही एकही सभा चुकवत नसत. म्हातारी, आजारी, लेकुरवाळी, सगळी येत. त्यांची पावलं खोडाच्या अलीकडे दाट उमटलेली होती. हरणांनीही अलीकडेच पावलं टाकली होती, डुकरांशी वैर कशाला म्हणून. पलीकडे ससे होते, साळिंदरं होती, बेडूक होते, उन्हाळ्यात त्या झऱ्यावर पाणी प्यायला येणारे सगळे. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसत होत्या. जवळजवळ.

"आली बघा चिचुंद्री!" डुकरांतून कुणीतरी ओरडलं. नाकं फिरली, हशा पिकला. आई खोडाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिनं चिखलात पाऊल टाकलं. तिच्या मागून मावशीनं त्यातच टाकलं. मग आत्यानं. मग एकेक करत सगळ्या बहिणींनी. शेवटी लेकीची पाळी आली. तिनं पाऊल उचललं आणि खालचा तो खळगा तिला नखाच्या टोकाला लागला. खोल, गुळगुळीत, एवढ्यांचे पाय पडून गेलेला. आणि तरी एकच.

तिनं शेपूट सोडलं.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण आधीच सांगितलं ना, चिचुंद्रीला दिवसा दिसत नाही. पुढचीचं शेपूट हाच तिचा रस्ता, हीच तिची भिंत. ते सुटताच तिच्या चारी बाजूंना नुसता उजेड उरला. वाळक्या झाडावर शिक्रा बसलेला होता. त्याच्या पंखांची फडफड तिला ऐकू आली. चिखलावर तो खाणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिच्या पायांना मात्र ते ठाऊक नव्हतं. ती चाचपडत खळग्यापासून बाजूला झाली, कोऱ्या चिखलापाशी आली, आणि तिथे तिनं आपलं पाऊल दाबलं. मग तिच्या ध्यानात आलं की आपलं तोंड मोकळं आहे.

"आई!" ती ओरडली. "मी रांग सोडलीय!"

सगळी रांग जागच्या जागी थिजली. पुढून आईचा किंचाळल्यासारखा आवाज आला. "धर! आधी शेपूट धर!"

"नाही धरणार."

"शिक्रा आहे वर! ऐक माझं, सोन्या, धर गं!"

"आई, मी माझं पाऊल टाकलं. कोऱ्या जागेवर. तू मागे ये आणि तुझा तो खळगा हुंगून बघ. माझं एकदा ऐक."

डुकरांचा म्होरक्या खेकसला, "ए, बास झालं तुमचं घरातलं भांडण! त्यांचं पाऊल पडलंय. एकाची दोन झाली, बरं. मोजायला घ्या!"

"सूर्य अजून आहे," कासव म्हणालं, आणि जागेवरून हललं नाही.

तेवढ्यात कोणाला वाटलं नव्हतं अशी गोष्ट घडली. लाजेनं मरणार होती ती बहीण. तिच्या शेपटाची ओढ गेली होती. तिनं डोळे गच्च मिटले, नाहीतरी त्यांचा उपयोग नव्हताच, आणि पुढचीचं शेपूट सोडून दिलं. एक पाऊल बाजूला गेली. चिखलात पाय रोवला. "ही माझी खूण," ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की फक्त जवळच्या बेडकाला ऐकू गेलं. बेडकानं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं.

आई उलटी फिरली. रांगेच्या कडेकडेनं, एकेकीच्या अंगाला अंग घासत ती मागे आली आणि तिनं त्या खळग्यात नाक घातलं. दिसत नसलं तरी चिचुंद्रीचं नाक फसत नाही. त्या एका खळग्यात तिला मावशीचा वास आला, लंगड्या नणंदेचा आला, स्वतःच्या लेकींचा आला, अगदी एकीवर एक, चेंगरून. तिचं सगळं गणगोत एका भोकात होतं. कितीतरी वर्षं ती आपल्या माणसांना इथपर्यंत आणत होती आणि एकीवर दुसरी पुसून परत नेत होती. तिला रडू आलं. खरंच रडली ती, सगळ्या जंगलासमोर.

मग ती म्हणाली, "सोडा गं. सगळ्या सोडा."

आणि मग चिखलावर जो गोंधळ उडाला, तो काय सांगू! रांग उसवली. कुणी सशाला धडकली, कुणी साळिंदराच्या काट्यांत नाक खुपसून ओरडली. लंगडी आत्या भरकटत थेट गव्याच्या पायाखाली गेली. गव्यानं उचललेला पाय तसाच हवेत धरला आणि म्हणाला, "जा बाई सावकाश, मला घाई नाही." दोघीजणी गडबडीत खोडाखालून अलीकडच्या बाजूला गेल्या आणि तिथेच पावलं टाकून बसल्या. आता काय करणार, पडलं ते पडलं. मावशीनं तर शेवटपर्यंत आईचं शेपूट सोडलं नाही. पण तिनं आपलं पाऊल निदान जरा बाजूला टाकलं, एवढं खरं. लेक सगळीकडे पळत होती. हिला वळव, तिला ढकल, "इकडे ये, हं, इथे कोरं आहे, टाक!" सूर्याची कोर डोंगराला टेकली, बुडाली, आणि कासवानं हाक दिली, "थांबा! आता पाऊल नाही!"

"आमची हरकत आहे!" कोल्हा पुढे झाला. "गेल्या वर्षी करवंदीकडून एक पाऊल आलं. त्याच्या आधी एक. आज अचानक एवढ्या कुठून आल्या? बाहेरून आणलेल्या आहेत या! ही लबाडी आहे."

सगळे चिचुंद्र्यांकडे पाहू लागले. लेकीला दिसत नव्हतं, पण इतक्या नजरा अंगावर आल्या की कळतं.

"आम्ही गेल्या वर्षीही इथेच होतो," ती म्हणाली. "त्याच्या आधीही. तुम्ही मोजायला चुकला नाहीत. आम्हीच मोजता येणार नाही असं चाललो. आज वेगळ्या चाललो, एवढंच. आणि कोल्हेदादा, काल उंबरं घेऊन तुम्ही आमच्या दारात आला होतात, तेव्हा घोस चांगला मोठा होता. एका चिचुंद्रीसाठी एवढी उंबरं आणली होतीत का?"

गव्याला आधी हसू आलं, मग सशांना, आणि शेवटी डुकरांतल्याही काहींना. कोल्हा मूग गिळून मागे सरला. कासव म्हणालं, "ज्याचा पाय, त्याचं पाऊल. आणखी काही अट या सभेला कधीच नव्हती."

मोजणीची पद्धत अशी होती. खोडाच्या अलीकडे म्हाताऱ्याची कासवीण, पलीकडे तो स्वतः. तिनं एक पाऊल पुसायचं, त्याच वेळी त्यानं एक पुसायचं. ज्याच्या बाजूला काही उरेल ती बाजू जिंकली. "पुसलं?" "पुसलं." "पुसलं?" "पुसलं." कासवांचं काम, कसली म्हणून घाई नाही. आई पुटपुटत होती, "पिल्लं भुकेली असतील." लेक चिखलात गोल गोल फिरत होती. डुकराचं रुंद पाऊल पुसलं जाई आणि पलीकडे बेडकाचं पुसलं जाई. हरणाचं जाई आणि सशाचं जाई. ससे संपले. साळिंदरं संपली. आता पलीकडे फक्त चिचुंद्र्यांची पावलं उरली होती, आणि अलीकडे अजून बराच चिखल तुडवलेला दिसत होता.

"पुसलं?" "पुसलं." डुकरांचा म्होरक्या पुढे वाकून बघायला लागला. "पुसलं?" "पुसलं."

"पुसलं?" कासवानं विचारलं.

कासविणीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "माझ्याकडचं संपलं," ती म्हणाली.

"माझ्याकडे आहेत," कासव म्हणालं. त्याच्या पुढ्यात मूठभर पावलं उरली होती, वाटाण्याएवढाली, वेडीवाकडी, घाईत टाकलेली.

झरा जिथल्या तिथे राहिला. बेडकांनी जो आरडाओरडा केला तो विचारू नका. डुकरांच्या म्होरक्यानं चिखलात एक लाथ मारली, पण सभेचा निर्णय त्यानं मोडला नाही. "पुढच्या वर्षी बघू," एवढं म्हणून तो कळपासकट निघून गेला.

चिचुंद्र्या घरी पोचल्या तेव्हा पिल्लं भुकेनं चिवचिवत होती. आईनं त्यांना कुशीत ओढलं. बाकीच्या दमून पडल्या, लेकीचासुद्धा डोळा लागत होता. आईला मात्र चैन नव्हतं. ती या कुशीवरून त्या कुशीवर होत होती.

"ऐकलंस का गं," ती म्हणाली. "तो पुढच्या वर्षी बघू म्हणाला."

"हो. पुन्हा मागतील ते."

"आणि डुकरांना तोवर नवी पिल्लं झालेली असतील."

"होतील की."

आईनं कुशीतल्या त्या डोळे मिटलेल्या, गुलाबी जिवांना एकेक करून नाकानं हुंगलं, एकही चुकू दिलं नाही.

"ऊठ," ती लेकीला म्हणाली. "झोपतेस काय! ह्यांना शेपूट धरायला मी शिकवीन, ते आलंच पाहिजे. पण पाऊल टाकायला तू शिकव. एकेकाला वेगळं."

तात्पर्य : आपण आहोत हे आपल्यापुरतं ठाऊक असून भागत नाही, जिथे सगळ्यांचं ठरतं तिथे प्रत्येकानं आपलं पाऊल स्वतः उमटवावं, नाहीतर आपल्या घराचा निर्णय आपल्याला न मोजताच होतो.